जवळा संपतो तिथपर्यंत

आमची कंपनी खडी विकायची. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. अणू फुटायच्या आधी रस्ते लागतात आणि रस्त्यांना खडी लागते, एवढाच आमचा आणि अणुयुगाचा संबंध. पण आमचे डायरेक्टर लोहोकरे साहेब हा संबंध फार जवळचा मानत. म्हणून त्यांनी विमान घेतलं.

चार माणसांचं, एका इंजिनाचं, पोटावर निळा पट्टा असलेलं विमान. साहेब जुहूला त्यात बसत, अर्ध्या तासात आमच्याकडे उतरत, खडीच्या ढिगाकडे दहा मिनिटं बघत आणि ढीग जागेवर आहे याची खात्री झाली की परत जात. ढीग कधी पळाला नाही. विमानाचा एवढा फायदा झाला, असं म्हणायला हरकत नाही.

उतरायची जागा होती घिवली आणि पाम यांच्यामधल्या खाजणात. खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून तोडलेली खारी जमीन. पावसाळा सरला की ती वाळून टणक होते आणि वर मिठाची पांढरी साय धरते. बोईसरच्या अंगाला तिची एक बाजू, खाडीच्या बांधाला दुसरी. नकाशात धावपट्टीची लांबी चोवीसशे फूट लिहिली होती. नकाशा पुण्यात काढला होता.

मी कंपनीचा टाइमकीपर. मूळचा साताऱ्याकडचा, समुद्र पाहिला तो लग्नानंतर, आणि तोही बायकोनं दाखवला म्हणून. साहेबांनी मला जादा पद दिलं: विमानतळ अधिकारी. पदाबरोबर एक हिरवं निशाण, एक लाल निशाण, वाळूच्या चार बादल्या आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी मिळायची होती. पिशवी काही आली नाही. शेवटी सुगंधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आपल्या जुन्या परकरातून ती शिवून दिली. विमानं यंत्रांच्या भरवशावर उतरतात असा लोकांचा समज आहे. आमचं सुगंधाच्या परकराच्या भरवशावर उतरायचं.

निशाणांचं मात्र पक्कं होतं. एकदा पट्टीवर म्हैस आली म्हणून मी लाल निशाण दाखवलं. साहेबांना वर दहा मिनिटं घिरट्या घालाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी परिपत्रक आलं: हिरवं निशाण टाइमकीपर दाखवील, लाल निशाण साइट मॅनेजरच्या लेखी हुकमाशिवाय दाखवू नये. लाल निशाण लाकडी कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं, चावी मॅनेजरच्या खिशात गेली. हो म्हणायचा अधिकार तेवढा माझ्याकडे राहिला.

विमान चालवायचे कॅप्टन मधुसूदन चुरी. वय एकोणतीस. चिंचणीच्या वाडीवाल्यांतला मुलगा, नारळीच्या झाडावर चढायच्या ऐवजी त्याहून वर गेलेला. बोलायला मऊ. हवेत काय करत असतील ते करोत, जमिनीवर मात्र ते शेळीला सुद्धा वाट द्यायचे.

आणि नवसी. घिवलीची कोळीण, पन्नाशीची. तिच्या गावच्या किनाऱ्यावर मासळी सुकवायची जागा होती तिथं आमच्या खडीचे ढीग पडले. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या आणि जी सपाट, कोरडी जमीन पहिली दिसली तिच्यावर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकायला पसरून मोकळ्या झाल्या. ती जमीन म्हणजे आमचा विमानतळ. मी अधिकारी या नात्यानं हाकलायला गेलो.

"झेंडेवाले," नवसी म्हणाली, "तुमचं इमान आठ दिसांत एकदा येतं. आमाला रोज जेवाय लागतं."

यावर परिपत्रकात काही नव्हतं. कॅप्टननीच तोड काढली. बायकांनी पट्टीच्या दोन कडांना जवळा पसरायचा, मध्ये विमानाची वाट सोडायची. विमान आलं की एक फेरी मारणार, तेवढ्यात बायका बाजूला होणार. पंख्याच्या वाऱ्यानं जो जवळा उडेल त्याबद्दल कॅप्टन दर खेपेला मुंबईहून नवसीला मशेरीची पुडी आणणार. हा करार कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो पाळला गेला.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बायका पट्टीभर पसरतच नाहीत. बोईसरच्या अंगानं सुरू करतात आणि साधारण सोळाशे फुटांवर थांबतात. पुढची खाडीपर्यंतची जमीन तशीच पांढरी, मोकळी. मी म्हटलं, एवढी जागा आहे तर दाटीवाटी कशाला?

नवसीनं मला हाताला धरून पुढं नेलं. जिथं जवळा संपत होता तिथं तिनं टाच मारली. ठण्ण. दहा पावलं पुढं जाऊन पुन्हा मारली. टाच आत गेली, आणि तिनं पाय काढल्यावर त्या खळग्यात हळूच पाणी जमलं. वर मिठाची साय जशीच्या तशी.

"खाडी बांधावरनं नाय येत," ती म्हणाली. "खालनं येते. हितं जवला घातला तर सांजेपरत सडल."

मी ही मौज कॅप्टनना सांगितली. ते हसले नाहीत. "मला माहीत आहे," म्हणाले. "मी नकाशा बघून उतरतच नाही. जवळा संपतो तिथपर्यंत जमीन, पुढं नाही. उधाणाच्या दिवसांत बायका आणखी मागं सरकतात, बघितलंत का? तेराशेवर येतात. तेव्हा मी येतच नाही."

समुद्रावरून वारा यायचा, म्हणून विमान बोईसरच्या अंगानं उतरून खाडीकडे धावायचं. भरल्या विमानाला थांबायला चौदाशे फूट लागतात, हेही त्यांनीच सांगितलं. ही बेरीज-वजाबाकी तुम्ही लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवली नाही.

नोव्हेंबरात कॅप्टनना पत्र आलं. मोठ्या विमान कंपनीत जागा मिळाली होती. पंधरा डिसेंबरला हजर व्हायचं. त्या दुपारी ते पेट्रोलच्या पिंपावर बसून सुगंधानं दिलेली पिठलं-भाकरी खात होते आणि पत्र सारखं खिशातून काढून बघत होते.

"चांगलं काय, कॅप्टन?" मी विचारलं. "तिकडचं की इकडचं?"

"तिकडं काय असतं, खंडेराव, सकाळी मी विमानाला हात लावायच्या आधी पाच जणांनी हो म्हणायचं असतं. हवामानवाला, इंजिनवाला, पेट्रोलवाला, टॉवरवाला, आणि मोठा कॅप्टन. पाचांतला एक जरी नाही म्हणाला की विमान उभं. आणि त्याला कोणी विचारत नाही, की बाबा तू भित्रा का."

"आणि इकडं?"

"इकडं नाही म्हणायला मी एकटा. आणि ज्याला नाही म्हणायचं तो शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो."

"म्हणजे इकडं चांगलं काहीच नाही म्हणा की."

"असं कसं! तिकडं मी यादीत दोनशे चौदावा. पुढचे दोनशे तेरा म्हातारे होईपर्यंत दुसऱ्याच्या उजव्या हाताला बसायचं. तीच गावं, तीच वेळ, तोच नाश्ता. इकडं शनिवारी चिंचणीला माईच्या हातचं जेवतो. साहेब दिवाळीला घरी येतात, माईच्या पाया पडतात. तिकडच्या मालकाला माझं तोंडही माहीत नसणार." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "इकडं मी पहिला."

"मग बरंच की!"

"पहिला आणि शेवटचा," ते म्हणाले आणि पिठल्याची वाटी पुसायला लागले.

आता या जायच्या गोष्टीत एक मेख होती. पायलटची पत त्याच्या तासांवर असते. किती तास विमान उडवलं ते एका वहीत लिहायचं आणि मालकानं खाली सही करायची. कॅप्टननी आमच्याकडे सहाशे चाळीस तास काढले होते आणि वहीतली सहीची जागा कोरी होती, कारण साहेबांना सही करायला वेळ नव्हता. सही नाही तर तास नाहीत, तास नाहीत तर जागा नाही. चार वर्षं हवेत होती आणि खरोखरच हवेत राहिली असती.

साहेब आले तेव्हा कॅप्टननी वही पुढं केली.

"अरे मधू, देईन की सही!" साहेब म्हणाले. "तू माझा मुलगा आहेस. एक तारखेला दोन पाहुणे आणायचेत. पुढच्या रस्त्याचं काम त्यांच्या हातात आहे. बारा वाजता इथं उतरव, जेवण होऊ दे, की सही."

कॅप्टननी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "सर, एक तारखेला अमावास्या आहे."

मग साहेब जे हसले ते खुर्चीसकट हसले.

"खंडेराव, ऐकलंत? पलीकडे अणू फोडतायत, आणि आमचा पायलट अमावास्या पाळतोय!"

"सर, पाळत नाही. त्या दिवशी उधाण असतं. बारालाच भरती पूर्ण असते. पाणी खालून..."

"पंख्याला लिंबू-मिरची बांधू का?"

मी हसलो. नोकरीत साहेब हसले की हसायचं असतं हे खरं, पण मी मनापासून हसलो हेही खरं आहे. आमच्या साताऱ्यात अमावास्येला नारळ फुटतो, जमीन फुटत नाही. समुद्राजवळच्या माणसाला अमावास्या म्हणजे पाणी, आणि देशावरच्या माणसाला भूत. साहेब पुण्याचे. ते आयुष्यभर भुताविरुद्ध लढले होते. आता त्यांना ते आपल्याच विमानात सापडलं.

"चार दिवसांनी आणू पाहुण्यांना," कॅप्टन म्हणाले. "नाहीतर एकच पाहुणा आणू. वजन कमी होईल."

"आणि त्यांना कारण काय सांगू? पंचांग?" साहेब उठले. "मधू, ही अंधश्रद्धा मोडायचीच म्हणून मी एक तारीख पक्की करतो. आणि खंडेराव, तो मासळीचा उकिरडा काढा. पाहुणे शाकाहारी आहेत. पट्टी कशी दिसली पाहिजे? दोन्ही बाजूंना दगड, चुन्यानं रंगवलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

साहेब गेल्यावर कॅप्टन माझ्याजवळ आले. "दगड तेराशेपर्यंतच लावा, खंडेराव."

"हुकूम चोवीसशेचा आहे, कॅप्टन. लेखी येणार आहे."

हुकूम दुसऱ्या दिवशी आला आणि मी चोवीसशे फूट दगड लावले. स्वतःच्या हातानं चुना मारला. फार देखणी दिसली पट्टी. सुगंधाचा परकरही धुऊन पुन्हा काठीवर चढवला. त्यात नवसीच्या बायकांना तीन दिवस बंदी. त्या बांधावर टोपल्या घेऊन बसायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. बोलायच्या नाहीत. कोळणी गप्प बसल्या की समजावं, काहीतरी बिघडलं आहे.

एक तारीख शुक्रवारी आली. हवा इतकी स्वच्छ होती की तिच्यावर संशय यावा. साडेअकराला मी पट्टीवर गेलो. सगळं पांढरं, कोरडं, सरळ. बांधापलीकडे खाडी बांधाच्या काठाला आली होती. लाट नाही, फेस नाही, आवाज नाही. काठोकाठ भरलेल्या तांब्याकडे बघताना जसं हलू नये असं वाटतं, तसं मला वाटायला लागलं.

नवसी बांधावरून उतरून आली. "टाच मारा," म्हणाली.

मी सोळाशेच्या दगडापाशी मारली. बूट आत गेला. पंधराशेला मारली, तिथंही गेला. चौदाशेला साय जरा वाकली, आणि भेगेतून पाणी एखाद्या डोळ्यासारखं वर आलं. तेराशेला ठण्ण वाजलं.

मला इतका वेळ जी बेरीज-वजाबाकी करायची नव्हती ती आपोआप झाली. तेराशे फूट जमीन. चौदाशे फुटांत थांबणारं विमान. आणि दोन बाजूंना चुन्याचे दगड, जे वरच्या माणसाला सांगत होते की चोवीसशे आहे, खुशाल ये.

मी ऑफिसकडे धावलो. लाल निशाण कपाटात. मॅनेजर पाहुण्यांसाठी पालघरला बासुंदी आणायला गेलेले, खिशात चावी घेऊन. कपाट देवदाराचं होतं, कुलूप माझ्या अंगठ्याएवढं. एक लाथ पुरली असती. मी कपाटासमोर उभा राहिलो. बाहेर लांबून इंजिनाचा आवाज यायला लागला तरी मी उभाच होतो. मी लेखी हुकमाची वाट बघत होतो. ही गोष्ट मी पुष्कळदा विनोद म्हणून सांगितली आहे. लोक हसतात.

मग मी हिरवं निशाण गुंडाळून काखेत घट्ट धरलं आणि पट्टीवर परत आलो. माझ्यातलं सगळं बंड तेवढंच होतं.

विमानानं पहिली फेरी मारली. खाली आलं, दगडांवरून गेलं, पुन्हा वर चढलं. दुसरी फेरी. खिडकीतून साहेबांचा हात दिसला. ते पाहुण्यांना ढीग दाखवत होते. कॅप्टन काय शोधत होते ते मला कळलं. ते जवळा शोधत होते.

"बायांनो, वता!" नवसी ओरडली.

दहा-बारा बायका टोपल्या घेऊन धावल्या. बोईसरच्या टोकाकडून तेराशेच्या दगडापर्यंत दोन्ही कडांना त्यांनी जवळा ओतत नेला. नीट पसरायला वेळ नव्हता. नुसता ओतला, हातानं फेकला, शेवटी टोपल्याच उपड्या करून टाकल्या. तीन दिवस राखलेला माल होता तो. तेराशेच्या दगडापाशी नवसी दोन हात पसरून उभी राहिली आणि तिथून हलेना.

"अगं बाजूला हो!" मी ओरडलो.

"मी हलले तर त्याला कळल कसं, कुठं संपतं ते?"

विमान तिसऱ्या फेरीला आलं ते इतकं खाली आलं की पट्टीच्या आधीच्या खारट गवताचे शेंडे त्याच्या चाकांनी कापले. पहिल्या दगडाच्याही अलीकडे त्यानं जमिनीला हात घातला. किंचाळलं, धूळ उडाली, जवळा उडाला, आणि ते गुलाबी वावटळ घेऊन सरळ नवसीच्या अंगावर यायला लागलं. ती बाजूला झाली ती अगदी शेवटी, आणि धावत नाही, चालत. विमान तिच्या जागेवरून पंधरा-वीस पावलं पुढं गेलं. पुढचं चाक सायीतून आत बसलं आणि विमानानं नमस्कार केल्यासारखी मान खाली घातली. पंखा जमिनीपासून वीतभर राहिला.

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता झाली तिच्यात खालून पाणी येण्याचा आवाज ऐकू येत होता. पापड भिजल्यासारखा बारीक आवाज.

पाहुणे उतरले. त्यांतल्या एकाचा बूट खाजणानं ठेवून घेतला. साहेब उतरले, त्यांच्या कोटाच्या खिशात जवळा होता. मला वाटलं, आता यांचं तोंड पांढरं पडलेलं असणार. ते लालबुंद होतं, आनंदानं.

"बघितलंत?" ते पाहुण्यांना म्हणाले. "अमावास्या! बारा वाजता! काय झालं? काही झालं?"

कॅप्टन शेवटी उतरले. त्यांनी विमानाच्या पंखाला हात टेकला. मग वही काढून साहेबांपुढं धरली.

"सही, सर."

"सही?" साहेबांनी त्यांच्या खांद्याला मिठी मारली. "वेडा आहेस का मधू? असा पायलट मी सोडीन होय? आजपासून तू चीफ पायलट!"

आमच्याकडे पायलट एकच होता, ते सांगितलंच आहे.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"अरे, तिथं दोनशे कितवा होणार तू? इथं माझ्यानंतर तूच. सहीचं पुढच्या महिन्यात बघू. जेवून घे. चारला परत निघायचंय."

कॅप्टन पुढच्या चाकाकडे बघत राहिले. ते आणखी दोन बोटं खाली गेलं होतं.

"नाही," ते म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. शेळीला वाट देताना बोलत तसं.

"काय नाही?"

"हे विमान आज उडणार नाही. मी तर नाहीच उडवणार."

"मग ह्या वहीवर जन्मात सही होणार नाही, समजलास?"

"समजलो."

त्यांनी विमानाची चावी खिशातून काढली आणि माझ्या हातात दिली. बूट काढून हातात घेतले. जाताना नवसीपाशी थांबले, खिशातून मशेरीची पुडी काढून तिला दिली. "आज लय उडाला तुझा जवळा," म्हणाले. नवसीनं पुडी कनवटीला लावली आणि पदर तोंडाला धरून उभी राहिली. कॅप्टन अनवाणी बोईसरच्या रस्त्याला लागले. पाहुणे आणि साहेब चार वाजता, न जेवताच, आमच्या खडीच्या ट्रकमधून गेले. ते दोघं पुढं, साहेब मागं, खडीवर.

कॅप्टनांचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. ती जागा गेली. सहाशे चाळीस तास गेले. कुठल्याशा फ्लाइंग क्लबात पोरांना शिकवत त्यांनी पहिल्यापासून तास जमवले आणि अडीच वर्षांनी त्याच मोठ्या कंपनीत शिरले, यादीत तीनशे दुसरे. तिथून मला एक कार्ड आलं होतं. लिहिलं होतं: "खंडेराव, काल धुकं होतं. एकानं नाही म्हटलं. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला."

पण डिसेंबर अजून संपायचा होता.

विमान बैलांनी ओढून काढलं, दुरुस्त झालं, आणि एकोणतीस तारखेला साहेब नवा कॅप्टन घेऊन आले. गोरा, हसरा, बावीस-तेवीसचा. त्याला आल्याबरोबर साहेबांनी माझ्यासमोर सांगितलं की तू माझा मुलगा आहेस. रविवारी पाहुणे पुन्हा यायचे होते, राहिलेल्या जेवणाला. मी कॅलेंडर बघितलं. रविवारी मार्गशीर्षातली अमावास्या होती.

"पट्टी किती लांब, काका?" नव्या कॅप्टननं मला विचारलं.

साहेब शेजारीच होते.

"सोळाशे," मी म्हटलं. "आणि परवा तेराशे."

साहेब हसले. "खंडेराव थकलेत. त्यांना इथली हवा मानवत नाही. चोवीसशे आहे, नकाशा आहे ना."

त्या पोरानं माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग पट्टीकडे बघितलं. दोन्ही बाजूंचे चुन्याचे दगड सरळ शेवटपर्यंत गेलेले होते. दगडांचं म्हणणं साहेबांसारखंच पडलं. त्यानं डायरीत चोवीसशे लिहून घेतलं आणि दहा मिनिटांनी ते जुहूला उडून गेले. जाता जाता साहेबांनी मॅनेजरला सांगितलं की सोमवारपासून खंडेरावांची रजा.

मी नवसीकडे गेलो. ती म्हणाली, "रईवारी घालू की जवला. कोण अडवतंय ते बघू." मग टोपली काखेत घेतली. "पन जुना खाली बघायचा. ह्या नव्याला कोनी सांगितलंय का, जवला म्हंजे काय ते?"

कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी साडेअकराला ऑफिसात मी आणि कपाट दोघंच होतो. मॅनेजर बासुंदीला गेले होते. मी आयुष्यात कधी दाराला सुद्धा लाथ मारलेली नव्हती, त्यामुळे पहिली चुकली आणि भिंतीला बसली. दुसरी कुलपाला बसली.

खाडी बांधाला टेकली होती, परकर खाडीकडून फुगलेला होता. बायकांनी तेराशेपर्यंत जवळा घातला, आणि तिथं मी उभा राहिलो, नवसीच्या शेजारी, लाल निशाण दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. विमान आलं. पहिल्या फेरीला खाली उतरलं, इतकं की त्या पोराचं हसू दिसलं. त्याला वाटलं, स्वागत आहे. दुसऱ्या फेरीला हसू नव्हतं. शेजारच्या खुर्चीत साहेबांचा हात वरखाली होत होता, खाली ये, खाली ये. तिसऱ्या फेरीला ते आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा माझी टोपी उडाली आणि नवसी काहीतरी ओरडली ते ऐकू आलं नाही. मी हात खाली केले नाहीत. केले असते, पण ते वरच गोठले होते.

मग विमान वळलं आणि दक्षिणेला लहान होत गेलं.

सोमवारी मी चार्ज दिला. माझ्या जागी आलेला टाइमकीपर सोलापूरकडचा होता, नीटनेटका माणूस. मी त्याला परकर दाखवला, बादल्या दाखवल्या, टाच कुठं मारायची ते दाखवलं. त्यानं सगळं मान डोलावून ऐकलं आणि परिपत्रक मागितलं. ते त्यानं दोनदा वाचलं. लाल निशाणाची व्यवस्थित घडी केली.

"कपाट तर मोडलंय," मी म्हटलं. "बाहेरच असू दे."

"छे छे," तो म्हणाला. "नवं आलंय सकाळीच."

नवं कपाट लोखंडी होतं.